पाठीमागचं पाणी

कागदावर माझा अंगठा होता. अंगठे सगळे सारखेच दिसतात म्हणतात, पण माझ्या डाव्या अंगठ्यावर लहानपणी विळा बसलेला आहे, त्याची आडवी चीर ठशात कोरी राहते. ती झेरॉक्समध्येही कोरी राहिली होती. सोनालीने कागद माझ्या मांडीवर ठेवला तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. सुरतेत, नवागामच्या गल्लीत मी ओट्यावर बसलो होतो, शेजारच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, माग चालू होते आणि त्यांच्या हादऱ्याने माझ्या कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उठत होती. "आबा, जुओ ने, हा तुमचाच ना?" ती म्हणाली. "खाली नाव पण आहे. काशिनाथ वल्द उखा, मजदूर." मी म्हणालो, चष्मा आत राहिला. चष्मा माझ्या खिशात होता. सोनाली म्हणजे भागीरथी वहिनीची नात; वहिनीचा नवरा धुडकू, माझा दोस्त, त्याच्या मुलाची मुलगी. युनिव्हर्सिटीत इतिहास शिकते आणि एकाहत्तरच्या लढाईत समुद्रकाठी ज्या चार तोफा बसवल्या होत्या, त्यांच्यावर ती पुस्तकाएवढं काहीतरी लिहिते आहे. आमच्या वेळचा मुकादम हेमराज, त्याच्या नातवाने घर पाडायला काढलं तर माळ्यावर हजेरीच्या वह्या निघाल्या, त्यात हा कागद. "आबा, म्हणजे माझे आजोबा खरंच पळून गेले होते," ती म्हणाली. "मला वाटायचं लोक उगाच बोलतात. पण यात तुमची साक्ष आहे. पळाले म्हणजे कुठेतरी जगले असतील ना? दुसरं घर पण केलं असेल. मी शोधणार आहे. आजीला अजून दाखवलं नाही, म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. चार वाजता क्लासवरून आले की दाखवते." मी विचारलं, "आजच?" ती हसली. "पन्नास वर्षं थांबली बिचारी, आणखी किती?" आणि स्कूटी चालू करून गेली. कागद माझ्याकडेच राहिला. तिच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो होता.

मला वाचायला वेळ लागतो. मी बावन्न वर्षांचा असताना शाळेत गेलो, म्युनिसिपालिटीच्या शाळेत संध्याकाळी प्रौढांचा वर्ग भरायचा, तिथे. पाळी सुटल्यावर कपडे झटकून जायचो, तरी पाटीवर कापूस पडायचा. लोकांना मी सांगायचो की बसवरची पाटी वाचता यावी म्हणून शिकतो. ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. एखादा माणूस अंधारात काहीतरी गिळतो आणि मग वर्षानुवर्षं पोटावर हात ठेवून बसतो, काय गिळलं असेल म्हणून, तसं माझं झालं होतं. मी एका कागदावर अंगठा दिला होता आणि त्यात काय लिहिलं होतं ते मला माहीत नव्हतं. शिकलो तेव्हा तो कागद कुठे असेल याचाही पत्ता नव्हता. आता तो आपण होऊन दारात आला तर माझी बोटं चष्म्यापर्यंत जाईनात. मागाजवळ सूत तुटलं की आपण डोळ्यांनी नाही, बोटांनी तुटलेलं टोक शोधतो. तसं मी अखेर ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर शोधत गेलो. कागद हिंदीत होता. 'मजदूर धुडकू वल्द रामा दिनांक ४-१२-७१ को काम छोड़कर भाग गया. हमने उसको अपनी आँख से भागते देखा.' एवढंच. मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मला दिसलं की वाक्य अगदी खोटं नव्हतं. धुडकूला मी माझ्या डोळ्यांनी पळताना पाहिलं होतं. कुठे पळत होता ते तेवढं लिहिलेलं नव्हतं.

आत सून, छाया, कुकर लावत होती. तिने विचारलं, "बाबा, नाश्ता?" मी नको म्हणालो. चार वाजायला सात तास होते. मी मनात मांडून बघू लागलो. सोनालीने कागद दाखवला तर वहिनीला कळेल की नवऱ्याने तिला टाकलं, आणि ते काशिनाथभाऊंनी पाहिलं होतं. मी गप्प बसलो तर एवढंच होईल. मी बोललो तर तिचं कुंकू जाईल. ते कुंकू ती आजही लावते, बहात्तराव्या वर्षी, रुपयाएवढं. तिच्या गळ्यात काळी पोत आहे. वडाला दोरा गुंडाळायला जाते तेव्हा बायका हळूच म्हणतात, "सात जन्म हाच नवरा मांगी ऱ्हायनी, आधी या जन्मना तरी सापडू दे." ते तिला ऐकू येतं. तरी ती फेरे पुरे करते. बारा वर्षं झाली तेव्हा गावच्या भटजींनी सांगितलं होतं, हरवलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, म्हणजे बाई मोकळी होते. तिने विचारलं, "पळेल माणूसले कोनी जाळस का?" आणि तिथून उठून आली. ती मोकळी झाली नाही, कारण तिला कुणीतरी सांगितलं होतं की तो पळाला. आणि सांगणाऱ्याच्या हातात कागद होता, आणि कागदावर मी.

सोनालीने तिच्या लिखाणाचं पहिलं पान मला मागे वाचून दाखवलं होतं. चार तोफा, गोल चौथरे, किती मैलांचा पल्ला, कुठल्या साहेबाच्या हाताखाली, सगळं तिने कुठून कुठून मिळवलं होतं. त्यात एक वाक्य होतं की युद्धाच्या काळात या तोफांमधून शत्रूवर एकही गोळा सुटला नाही आणि इथे एकही माणूस दगावला नाही. "बोरिंग आहे ना आबा," ती म्हणाली होती, "काही घडलंच नाही." मी मान हलवली होती. आम्ही दोघं, मी आणि धुडकू, गिरणाकाठच्या एकाच गावचे. आम्ही मागांवर कामाला होतो, ते मंदीत बंद पडले होते. हेमराज मुकादम आमच्याच भागातला, त्याने पंधरा-वीस जणांची टोळी उचलली आणि ट्रकमधून समुद्रावर नेली. समुद्र आम्ही कधी पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी धुडकूने वाळूत उभं राहून विचारलं, "याले पल्याडना काठ नही का रे?" आणि सगळे हसले. चौथरे आम्ही बांधले. गावच्या खळ्यासारखे गोल होते, मधे लोखंडी मेख. धुडकू म्हणायचा, मेढीला बैल बांधा आणि मळणी करा. मग तोफा आल्या. वाळूत चाकं रुतायची, म्हणून ताडाचे ओंडके पाडून रस्ता केला आणि दोर लावून त्या ओढल्या. फौजी पंजाबी होते, मद्रासी होते, आमची बोली त्यांना कळत नव्हती पण शिव्या कळत होत्या. तोफांवर जाळ्या, जाळ्यांवर सुरूच्या फांद्या. फांद्या वाळल्या की बदलायच्या. असा आमचा तोफखाना. सराव म्हणून एकदाच गोळा सुटला तेव्हा माझे कान दोन दिवस गुणगुणत होते. नंतर चाळीस वर्षं मागांमध्ये काढली, तेव्हा कान कायमचेच गेले, पण ते गुणगुणणं वेगळं होतं, ते अजून मला वेगळं काढता येतं.

ओहोटीला तिथलं पाणी इतकं लांब जायचं की मैलभर चिखल उघडा पडायचा. त्या चिखलात फौजींनी अंतर मोजायला काठ्या रोवल्या होत्या, लाल फडकं बांधलेल्या. भरती त्या वाकवायची. म्हणून रोज ओहोटीला एका मजुराने जाऊन काठ्या सरळ करायच्या आणि एकाने वर चौथऱ्यावर बसून पाण्यावर नजर ठेवायची. सुरूच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगला होता. पाणी फिरलं की हातोडीने ठोकायचं, खालच्याने परत यायचं. सोपं काम होतं. आम्ही आलटून पालटून करायचो. एक म्हातारा मच्छीमार होता, त्याच्या होड्या लढाईमुळे वर ओढून ठेवायला लावल्या होत्या, म्हणून तो दिवसभर आमच्यापाशी बसायचा. तो म्हणाला होता, पाणी समोरून येतं असं समजू नका, आधी पाठीमागून येतं. आम्ही त्याला हसलो. पाणी पाठीमागून कसं येईल? आम्ही गिरणेचे लोक. आमचं पाणी वरून खाली जातं, आणि पूर आला तरी वरूनच येतो, आधी आवाज येतो, मग फेस, मग झाडं. समुद्र समोर होता, तर पाणी समोरूनच येणार. म्हाताऱ्याने पुन्हा सांगितलं नाही. त्याला वाटलं असेल, कळलं.

दत्तजयंती होऊन दोनच दिवस झाले होते. लढाई आदल्या संध्याकाळी सुरू झाली होती आणि सकाळपासून फौजी तोफांपाशी होते. त्या दिवशी वर मी होतो, खाली धुडकू. शेवटची काठी फार लांब होती, तिथे तो करंगळीएवढा दिसत होता. मी समुद्राकडे बघत होतो. समुद्र दूर होता, एक रेघ. रेघ हलली नव्हती, मी शपथेवर सांगतो, हलली नव्हती. मात्र धुडकू आणि किनारा यांच्यामधे चिखलात एक नाळ होती, ओहोटीला कोरडी असायची, आम्ही उडी मारून ओलांडायचो. ती चमकत होती. मला वाटलं ऊन पडलंय. मग ती चमक रुंद झाली. मला वाटलं ऊन वाढलं. मी ती चमक किती वेळ पाहिली ते मला आजही सांगता येत नाही. कधी वाटतं, एक बिडी पिण्याएवढा वेळ. कधी वाटतं, दोन श्वास. रात्री जाग आली की मी तो वेळ लहान करायचा प्रयत्न करतो आणि तो लहान होत नाही. हातोडी माझ्या मांडीवर होती. मी ती उचलली नाही, कारण समोरची रेघ हलली नव्हती. मग मला चमकेत लाकडाची एक फाटी वाहताना दिसली, किनाऱ्याकडे, उलटी, खालून वर. तेव्हा मी ठोकायला लागलो. धुडकूने मान वळवली. तो पळाला. चिखलात पळाला, नाळेपाशी येऊन थांबला, बाजूला पळाला, परत थांबला. मग पाण्यात उतरला. कमरेएवढा. छातीएवढा. मी ठोकत होतो. आता ठोकून काय होणार होतं, पण हात थांबेना, आणि सुभेदार ओरडत आला, बंद करो, बंद करो. त्याला वाटलं विमान आलं म्हणून कुणी घंटा देतंय. होडी आणायला म्हातारा धावला, आम्ही चौघं लागलो, होडी वाळूत बसलेली, हलेपर्यंत समोर सगळीकडे पाणीच होतं. काठीचं लाल फडकं काही वेळ दिसलं. मग तेही नाही. त्याला समुद्राने परत दिलं नाही.

पुढच्या शनिवारी हेमराज हजेरीची वही घेऊन बसला. दर शनिवारी आम्ही अंगठा द्यायचो, ओळीने, शाईच्या डबीत बुडवून, पुढच्याची पाठ बघत. माझा अंगठा झाला तर त्याने वहीखालून आणखी एक कागद काढला. "हाई बी दे." मी विचारलं, काय आहे? "धुडकूबद्दल लिखेल शे. कोनलेच तरास व्हवाव नही असं लिखं." कुणालाच त्रास होणार नाही. मी ते शब्द नीट ऐकले. कोणाला त्रास व्हायचा होता? चौकशी झाली असती तर विचारलं असतं, वर कोण होतं. मी पुढे विचारलं नाही. अडाणी होतो म्हणून अंगठा दिला असं मी स्वतःला सांगत आलो. पण अडाणी माणसाला विचारता येतं. वाचता येत नसलं तरी विचारता येतं. दोन महिन्यांनी गावी गेलो तेव्हा गावात बातमी माझ्याआधी पोचली होती, धुडकू पळाला. वहिनी दारात उभी होती, कडेवर मूल. तिने विचारलं, "काशिनाथभाऊ, तुमले म्हाईत शे का, तो कथा गया?" तो कुठे गेला हे माहीत असून मी म्हणालो, "नही." तिथे कागद नव्हता, मुकादम नव्हता. तो एक शब्द माझा होता. पुढे ती मूल घेऊन सुरतेला आली, नवऱ्याला शोधायला. खोली मी पाहून दिली, साड्यांना टिकल्या लावायचं काम मी मिळवून दिलं, मुलाला, मगनला, शाळेत मी घातलं. लोक म्हणायचे, दोस्त असावा तर असा. मी ते ऐकून घ्यायचो. तिच्या हातच्या कळण्याच्या भाकरी मी किती खाल्ल्या असतील, प्रत्येक घासाबरोबर वाटायचं, आज सांगावं. आणि ती पाणी पुढे करायची.

अकरा वाजता मी निघालो. कागद खिशात. वहिनीच्या घरी, डिंडोलीपर्यंत, रिक्षाने जाता आलं असतं, पण मी चालत निघालो, म्हणजे वेळ लागेल. फाटकावर मालगाडी उभी होती. मला बरं वाटलं. मग गाडी गेली आणि मला वाईट वाटलं. वाटेत दोनदा मागे फिरलो. एकदा उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभा राहिलो, तहान नसताना. मी विचार करत होतो की एका बाईकडून काय काढून घ्यावं, तिचं कुंकू की तिची अब्रू. मला असं वाटत होतं की हे मी ठरवतोय. आणि खरं म्हणजे मला एकच गोष्ट हवी होती, की चार वाजायच्या आत तिने ते माझ्या तोंडून ऐकावं. ते तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे मला वळणावर कळेना, आणि दारापर्यंतही कळलं नाही.

ती गच्चीवर बिबडे, जोंधळ्याचे पापड, घालत होती. जोंधळ्याचा गरम घाटा पातेल्यात, ओलं धोतर पसरलेलं, आणि हात पाण्यात बुडवून ती एकेक थापत होती. तिची सून चंचल खालून दुसरं पातेलं आणत होती. "ये भाऊ," वहिनी म्हणाली. "दात गयात पन बिबडासना वास बराबर लागस तुले. घाटा खाय, मऊ शे." चंचल हसली. मी बसलो नाही. "काय व्हयनं?" तिने विचारलं. "असा काबरं उभा शे, वसुलीवाला सारखा?" मी कागद काढला आणि लक्षात आलं की तिला वाचता येत नाही. तो पुन्हा खिशात ठेवला. घरी बोलताना आम्ही दोघं आमच्या बोलीतच बोलतो. मी म्हणालो, "वहिनी, धुडकू पळना नही. बुडना."

तिचा हात घाट्यावर होता. तिने तो बिबडा पुरा थापला, कड गोल केली. मग दुसरा घेतला. घाटा निवला की फुटतो, थापला जात नाही, म्हणून ती थांबली नाही, आणि मी बोलत राहिलो. काठ्या, नाळ, चमक, हातोडी, शनिवार, सगळं. चंचल पातेलं धरून जिन्यात उभी होती. गावी दारात वहिनीने मला जे विचारलं होतं आणि मी जे म्हणालो होतो, तेही सांगितलं. ओळ पुरी झाली. तिने हात धुतले.

"तू कथा व्हता?" तिने विचारलं.

"वर. हातोडी लीसन बठेल व्हतू."

"तुले दिखेना का?"

"पाणी दिखनं. माले वाटनं ऊन शे."

तिने धोतराची दुमडलेली कड सरळ केली. मी वाट बघत होतो की ती मला शिव्या देईल. तेवढं झालं असतं तर मी पायांवर पडलो असतो. ती म्हणाली, "कोनता दिन व्हता?"

"मार्गशीर्ष. वद्य दूज. दुपारना."

तिने ओठ हलवले, दूज, दूज. मग म्हणाली, "पितरपाटमा मी बाकी समदासले घास काढस. सासरा, सासू, मना बाप. त्याले कधी काढा नही. जिता माणूसले घास काढतस का? पन्नास वरीस तो भूक्या ऱ्हायना, काशिनाथ." तिने भाऊ म्हटलं नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तिच्या कपाळावर कुंकू होतं, घामाने जरा उतरलेलं. तिने त्याला हात लावला नाही, निदान माझ्यासमोर नाही. जिन्याकडे वळून ती म्हणाली, "चंचल, चूल बंद कर. घाटा गायले घाल. आज घरमा काही शिजाडू नको. मगनले फोन कर, म्हना तुना बाप गया, घर ये." चंचल माझ्याकडे बघत होती, हे खरं का असं. "सोनाली उनी की तिले मी सांगसू," वहिनी म्हणाली. "तिले लिखनं व्हई तसं लिखू दे, पन मनाकडथून ऐकीसन."

मी जिन्यापर्यंत गेलो तेव्हा तिने पाठमोरीच सांगितलं, "बारा दिन मना दारमा येऊ नको. तुनं तोंड मी दखाव नही. तेरावाले ये. त्याले वळखनारा तूच एक शे."

परत कसा आलो ते मला आठवत नाही. फाटक उघडं होतं की बंद, माहीत नाही. ऊन चढलं होतं आणि डांबरावर लांब कुठेतरी पाण्यासारखं चमकत होतं, मी त्यातून चालत आलो. घरी आल्यावर चप्पल ओट्याखाली काढली, आत गेलो नाही. मागच्या मोरीत नळाखाली बादली भरली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पहिला तांब्या डोक्यावर ओतला. कागद खिशातच होता, तो भिजू दिला. छाया आवाजाने धावत आली. "बाबा! कपड्यांसकट? कुणी गेलं का?"

"धुडकू गेला."

"कोण धुडकू?" तिने विचारलं. वीस वर्षं ती या घरात आहे, तिच्यासमोर मी हे नाव कधी उच्चारलं नव्हतं. "भागीरथी आजींचे मिस्टर? सापडले? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगितलं नाही कुणी," मी म्हणालो. "मी तिथेच होतो."